किलोच्या भावाने सायकल

मराठी माणूस वजनाच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकत नाही. दादरच्या भाजीबाजारात काटा आपल्या बाजूला नीट झुकल्याशिवाय तो पिशवीचं तोंड उघडत नाही. झुकला तरी वर एक हिरवी मिरची हक्काने उचलतो. रद्दीवाला आला की एक डोळा तागडीवर आणि दुसरा त्याच्या अंगठ्यावर असतो. कोळणीशी त्याची जी हुज्जत चालते तिचा सगळा गाभा एवढाच, की पैसे वाढले तर माल वाढला पाहिजे. हा नियम लालबागच्या चिवडा गल्लीत चालतो, गिरगावातल्या वाण्याकडे चालतो, सोनाराकडेसुद्धा चालतो. तो उलटा होतो फक्त सायकलच्या दुकानात.

परळच्या एका गल्लीतल्या दुकानात हा प्रकार मी जवळून पाहिला. सोबत आमच्या चाळीतले तिसऱ्या माळ्यावरचे काका होते. निवृत्तीनंतर व्यायाम म्हणून त्यांना साधी, बिनगिअरची सायकल घ्यायची होती. दुकानातल्या पोराने तीन सायकली पुढे काढल्या.

"ही वीस किलो, सात हजार. ही अलॉयची, बारा किलो, वीस हजार. आणि ही कार्बनची, आठ किलो, एक लाख साठ."

काकांनी तिन्ही सायकली पोत्याचं वजन बघतात तशा एकेक करून उचलून पाहिल्या. मग चष्मा पुसला.

"म्हणजे माल कमी होतोय आणि पैसे वाढतायत?"

"हो काका."

"या एक लाख साठवालीला मडगार्ड दिसत नाही."

"मडगार्ड नाही येत."

"स्टँड?"

"नाही."

"कॅरिअर? घंटी? चेनकव्हर?"

"काका, ते सगळं वजन असतं ना."

"मग एक लाख साठ हजारात येतं काय?"

पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "वजन नाही, हे येतं."

घरी येऊन काकांनी गॅसच्या बिलामागे हिशेब मांडला. वीस किलो, सात हजार: साडेतीनशे रुपये किलो. या भावात दादरला धड पापलेट मिळत नाही, आणि इथे दोन चाकं, हँडल, वर घंटी. अलॉयची पडते सतराशेच्या आतबाहेर. कार्बनची वीस हजार रुपये किलो. पण खरी गंमत पुढे होती. काकांनी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत काम केलेलं, त्यामुळे त्यांनी सायकलचा भाव सोडून दिला आणि गायब झालेल्या वजनाचा भाव काढला. वीस किलोवरून बाराला उतरताना आठ किलो गेले, तेरा हजार लागले: किलोमागे सोळाशे. बारावरून आठला उतरताना फक्त चार किलो गेले आणि एक लाख चाळीस हजार लागले: किलोमागे पस्तीस हजार. "पहिले किलो स्वस्तात जातात," काका म्हणाले, "शेवटचे जाता जात नाहीत." हे त्यांनी सायकलबद्दल म्हटलं, पण काकूंनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहून घेतलं.

पोटाचा विषय निघणारच होता, तेव्हा त्याचाही भाव काढून मोकळे होऊ. एक किलो चरबीत साधारण साडेसात हजारांच्या वर कॅलरी असतात. वडापावात तीनशे धरल्या तर किलोभर पोटाला पंचवीस-सव्वीस वडापाव लागतात. वीस रुपयांचा वडापाव धरा. म्हणजे पोट पडतं पाचशे-पाचशेवीस रुपये किलो. साध्या सायकलपेक्षा महाग, अलॉयपेक्षा स्वस्त. काकांना हे ऐकून समाधान वाटलं. आपण अगदीच हलक्या दर्जाचा माल बाळगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता वजन कमी करायला एवढे पैसे का लागतात, याला कारण आहे. स्वस्त सायकलची नळी साधी, जाड आणि टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीची असते. जोर येतो तो सांध्यांवर, मधल्या भागात नाही. म्हणून टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी काढण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ साली घेतलं. पुढे १९३५ साली त्याच्याच नावाच्या कंपनीची ५३१ नावाची मिश्र पोलादाची नळी आली आणि जगभरच्या शर्यतीच्या सायकली तिच्यावर धावल्या. मधलं पोलाद काढून टाकायला जास्त कारागिरी लागते, आणि कारागिरीचे पैसे पडतात. अलॉयमधलं ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून त्या सायकलींच्या नळ्या जाडजूड आणि आतून पोकळ. कार्बनचे थर तर हाताने एकावर एक रचावे लागतात. थोडक्यात, जड सायकल बनते लोखंड घालून आणि हलकी बनते लोखंड न घालण्याचं कौशल्य घालून. श्रीमंतांचा हा शौक इतका वाढला, की शर्यतींच्या जागतिक संघटनेने २००० सालापासून नियमच केला: शर्यतीच्या सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली जाता कामा नये. त्यामुळे लाखो रुपये खर्चून वजन काढलेल्या सायकलीला पुन्हा चार वजनं चिकटवावी लागल्याचे प्रकार झाले. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, मग आमचं मडगार्डच लावा की!"

आपल्याकडे ही अडचण कधी आली नाही. साहेबाच्या देशातून रॅले, हर्क्युलिस, हंबर आल्या त्या मुळातच दणकट होत्या. मग इथेही कारखाने निघाले. आपल्या वरळीलाच हिंद सायकल्सचा कारखाना होता, हे आज तिथल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. १९४९ साली मद्रासेत टीआय, १९५१ साली सोनीपतला ॲटलास, १९५६ साली लुधियानाला हिरो. सगळ्यांनी तोच विलायती नमुना उचलला आणि वर्षानुवर्षं इमानाने चालवला: अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा, काळा रंग, सोनेरी रेघ. पेडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे. गिअर नाही, कुरकुर नाही. झालीच तर ती सीटच्या स्प्रिंगची. हिंद सायकल्सचं १९८० साली संसदेत कायदा होऊन राष्ट्रीयीकरण झालं, पुढे सायकल बनणं थांबलं. ॲटलासने आपल्या शेवटच्या कारखान्याला टाळं लावलं ते ३ जून २०२० ला, म्हणजे नेमकं जागतिक सायकल दिनी. शुभेच्छा देणाऱ्यांची त्या दिवशी पंचाईत झाली असणार.

एका गिअरवर मुंबईचं भागतं, याचं श्रेय भरावाला. सात बेटं जोडून, खाड्या बुजवून केलेली जमीन. तिला चढ येणार कुठून? गिरगाव ते लालबाग, लालबाग ते दादर, जिथे सायकलस्वाराची छाती फुलते ती ठिकाणं निसर्गाने केलेली नाहीत, रेल्वेने केलेली आहेत. दादरचा टिळक पूल, करी रोडचा पूल, चिंचपोकळीचा पूल. आमच्या भागात डोंगर म्हणजे हेच. पुण्याचे लोक पर्वती चढतात, आम्ही करी रोड चढतो.

मग या पुलांवर हलक्या सायकलचा फायदा किती? काकांनी तोही हिशेब मागितला. पूल सात मीटर उंच धरू. दहा किलो जास्तीचं वजन सात मीटर वर न्यायला सातशे ज्यूलच्या आत ऊर्जा लागते. शरीर खाल्लेल्यातला साधारण चौथा हिस्सा कामाला लावतं, म्हणजे अन्नाच्या भाषेत पाऊण कॅलरीसुद्धा नाही. एका वडापावाच्या जिवावर जड सायकलचा तो जादा भार टिळक पुलावरून साडेचारशे वेळा नेता येतो. सपाटीवर तर फरक आणखी कमी, कारण तिथे झगडायचं असतं वाऱ्याशी, आणि वारा सायकलचं वजन बघत नाही, माणसाची रुंदी बघतो. सिग्नल सुटल्यावर पहिल्या चार पेडलांना जड सायकल कुथते, हे मान्य. पण मुंबईत सिग्नल सुटल्यावर पुढे जायला जागा असते, असं गृहीत धरणारा माणूस मुंबईचा नव्हे. वडापाव दादर स्टेशनबाहेर १९६६ साली जन्माला आला असं सांगतात. पुलाच्या पायथ्याशी इंधनाची सोय आपसूकच झाली.

खरा डोंगर म्हणावा असा एकच: मलबार हिल. आणि तिथे तर सगळाच उलटा कारभार. वर चढणाऱ्या सायकली असतात दूधवाल्याच्या, पाववाल्याच्या, पेपरवाल्याच्या: वीस किलोच्या, वर माल वेगळा. त्या टेकडीवर राहणाऱ्यांच्या आठ किलोच्या सायकली रविवारी पहाटे खाली मरिन ड्राइव्हला येतात त्या मोटारीच्या मागच्या रॅकवर बसून. फुलासारखी हलकी सायकल दोन टनांच्या गाडीवरून उतरते, मरिन ड्राइव्हच्या सपाट रस्त्यावर चार चकरा मारते, शहाळ्याच्या गाडीपाशी फोटो काढून घेते आणि परत गाडीवर चढते. तिने मालकाला कुठे नेलं, यापेक्षा मालकाने तिला कुठे नेलं याचाच हिशेब मोठा निघेल.

दुसऱ्या टोकाला डबेवाले. १८९० सालापासून चाललेला हा धंदा. २००३ साली प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन बघून गेले. भरलेला डबा दोन किलोचा धरला, तर हँडलला आणि कॅरिअरला लटकवलेले तीस डबे म्हणजे साठ किलो. या माणसाला कुणी जाऊन सांगावं की तुमची सायकल आठ किलोने हलकी करून देतो, फक्त तेरा हजार द्या. तो थांबायचाही नाही, त्याची गाडी चुकेल. त्याचा प्रश्न वेगळा असतो: मोडली तर कुठे दुरुस्त होईल? पोलादी सायकलचा चिमटा वाकला, तर रस्त्यावरचा मेकॅनिक तो पायाखाली घेऊन सरळ करतो. दांडीला चीर गेली, तर कोपऱ्यावरचा गॅस वेल्डिंगवाला गेट जोडता जोडता ती जोडून देतो. चाक आउट झालं, तर फुटपाथवर बसून चार तारा आवळल्या की काम झालं. अलॉयची नळी तडकली तर तिला वेगळं वेल्डिंग लागतं, आणि जोडली तरी पहिला जोर येत नाही. पोलाद वाकून आधी कल्पना देतं. ॲल्युमिनियम तोंडातून शब्द न काढता राजीनामा देतं. जड सायकलचं वजन म्हणजे एका अर्थी विम्याचा हप्ता आहे. हे वाक्य अर्थातच काकांचं.

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल की काकांनी सात हजारांची सायकल घेऊन टाकली असेल. पण मुंबईत सायकलचं वजन रस्त्यावर लागत नाही, जिन्यात लागतं.

आमची चाळ लाकडी. जिना अरुंद, उभा, दुपारी बारालाही अंधारा. धरायला मधोमध दोरखंड लोंबतो, पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी तुकतुकीत झालेला. हा जिना सायकल घेऊन चढायचा तर एक हात दोरखंडाला आणि एक हात सायकलला, नाकावरचा घाम पुसायला तिसरा हात नाही. दांडी खांद्यात रुतते. पेडल बरोबर नडगीवर बसतं, आणि तुम्ही थांबलात की उलट फिरून पुन्हा बसतं. वळणावर हँडल आपल्या मनाने फिरतं आणि दुसऱ्या माळ्यावरच्या जोशीकाकूंच्या दारावर आपटून घंटी वाजवतं. त्या "आले, आले" म्हणत दार उघडतात आणि समोर चाक बघून विचारतात, "अगं बाई, सायकल वर कशाला?" खाली जिन्याखाली ठेवली तर काय होतं हे त्यांनाही ठाऊक असतं: संध्याकाळपर्यंत एका चाकातली हवा गेलेली आणि सीटवर कुणाचं तरी पायपुसणं वाळत घातलेलं. इथे मात्र वीस किलो आणि बारा किलो यांतला फरक प्रत्येक पायरीला कळतो. वडापावाचा हिशेब जिन्यात चालत नाही. कंबरेला कॅलरी समजत नाहीत.

म्हणजे हलक्या सायकलची खरी गरज कुणाला? जिन्याने चढणाऱ्याला. आणि ती असते कुणाकडे? लिफ्टवाल्याकडे. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत आठ किलोची सायकल सर्व्हिस लिफ्टने चाळिसाव्या माळ्यावर जाते, वॉचमन बटण दाबून देतो. शेजारच्या चाळीत वीस किलोची सायकल खांद्यावरून तिसऱ्या माळ्यावर जाते. पैसा आणि वजन यांची जी अदलाबदल दुकानातल्या पोराने समजावली होती, ती शहरात शिरल्यावर अशी उलटी लागते. ज्याला उचलायची नाही, तो हलकी घेतो.

आणि हलकी घेतली, तरी ती हलकी राहते थोडीच! पहिल्या पावसात मागच्या चाकाने शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ ओढली की मडगार्ड येतं. भिंतीला टेकवलेली सायकल दोनदा आडवी झाली की स्टँड येतो. भाजीची पिशवी हँडलला लावून एकदा डुगडुगलं की कॅरिअर येतं. दिवा आणि घंटी मागोमाग येतात. आणि वीस हजारांची सायकल म्हटली की चोराची भीती, म्हणून बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी आणि कुलूप. आठ किलो कमी करायला दिलेले तेरा हजार श्रावण येईपर्यंत अर्धेअधिक परत जड झालेले असतात. जड सायकलला मात्र साधं चाकातलं कुलूप पुरतं. ती तीन जिने उतरवून न्यायची, तर चोरालाही आधी कंबर तपासून घ्यावी लागते.

अमेरिकेतले सायकल घडवणारे कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावावर एक नियम सांगतात: सायकल मजबूत हवी, हलकी हवी आणि स्वस्त हवी, तर तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी घ्या आणि तिसरीवर पाणी सोडा. नियम चोख आहे, पण अमेरिकेतल्या माणसाने केलेला आहे. त्याच्या घराला गॅरेज असतं. गिरगाव-परळच्या माणसाला चौथा प्रश्न पडतो, आणि तो बाकीच्या तिघांना खाऊन टाकतो: ठेवायची कुठे?

काकांनी पुन्हा गॅसचं बिल उलटं केलं. सायकल सहा फूट लांब, हँडलपाशी दोन फूट रुंद. बारा चौरस फूट. बीडीडी चाळीची खोली एकशे साठ चौरस फुटांची असते. म्हणजे सायकल घरात घेतली तर खोलीचा तेरावा हिस्सा तिचा. खुर्ची द्यावी लागत नाही एवढंच, नाहीतर कुटुंबातली व्यक्तीच. आता दादर-परळला चौरस फुटाचा भाव चाळीस हजार धरा. बारा चोक अठ्ठेचाळीस: चार लाख ऐंशी हजारांची जागा. सात हजारांची सायकल ठेवायला! जागा धरून जड सायकल पडली चोवीस हजार रुपये किलो. कार्बनची दुकानात वीस हजार रुपये किलो होती.

हा आकडा पाहून काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "हलकी सायकल भिंतीला खुंटीवर टांगता येते. जमिनीची जागा शून्य. म्हणजे ती स्वस्त पडली!" भिंत कोणती, यावर मात्र गाडं अडलं. एका भिंतीवर देव, एकीवर टीव्ही, एकीला मांडणी, चौथीला दार. काकूंनी सुचवलं, की टांगायचीच तर काकांच्या पलंगावर टांगा, वीस किलोची चालेल.

शेवटी काकांनी ठरवलं, की चाळीचा पुनर्विकास होतोच आहे, तोपर्यंत थांबावं. नवीन इमारतीत लिफ्ट येणार, म्हणजे वजनाचा प्रश्न मिटला. सात हजारांची सायकल बिनदिक्कत घेता येईल. फक्त खाली सायकलसाठी जागा मागून घ्यायची. त्यांनी रीतसर अर्ज केला. विषय सभेत आला. नकाशात मोटारींसाठी पोडियमचे तीन मजले होते, सायकलींसाठी काही नव्हतं. ज्यांच्याकडे मोटार नाही, आणि घ्यायचा विचारही नाही, तेसुद्धा आपली मोटारीची जागा सोडायला तयार होईनात. तासभर चर्चा झाली. सायकलमुळे गुडघे कसे सुधारतात यावर चार जण बोलले, सेक्रेटरींनी हॉलंडचं उदाहरण दिलं. मग सायकल चालवणं आरोग्याला आणि पर्यावरणाला हितकारक असून सर्व सभासदांनी ती चालवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ती ठेवायची कुठे, हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.